धंदा वाढतो कशाने? दोंडाईचा ते जळगाव

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी नंदुरबार मागे टाकते आणि धुळे जिल्ह्यात शिरल्यावर दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद अशी स्थानके घेत अमळनेर, धरणगाव, जळगाव गाठते. तापी खोऱ्यातला हा लोहमार्ग सुमारे सव्वाशे वर्षांचा आहे. माती काळी, पीक कापसाचे, बोली अहिराणी. स्थानकागणिक यात फारसा फरक पडत नाही. पण गावांच्या नशिबात पडला. तहसील, पंचायत समिती, कोर्ट शिंदखेड्यात, तर मिरची, मका आणि कापसाची उलाढाल दोंडाईच्याकडे. अमळनेरच्या एका तेल गिरणीतून पुढे विप्रो निघाली. जळगावात रॉकेल विकणाऱ्या माणसाने ठिबक सिंचनाची जगभर पसरलेली कंपनी उभी केली. आणि नरडाण्यात रेल्वे व मुंबई-आग्रा महामार्ग एकत्र येत असूनही औद्योगिक वसाहतीचे भूखंड बराच काळ गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिले. एखादा धंदा कशाने वाढतो, या प्रश्नाचा आढावा घ्यायला याहून सोयीचा मुलूख शोधून सापडायचा नाही.

‘आपल्याकडे उद्योजकताच नाही’ ही खान्देशातल्या भाषणांतली नेहमीची खंत. ती फारशी खरी नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावी बस स्टँडवरून बाजाराकडे चालत गेले, तर मोटर रिवाइंडिंग, वेल्डिंगचे वर्कशॉप, मसाल्याची चक्की, कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टरची अवजारे बनवणारे लोहार असे डझनांनी धंदे दिसतात. माणसे धंदा सुरू करतात. अडते ते पुढे. दहा वर्षांपूर्वी दोन माणसे कामाला असलेल्या वर्कशॉपात आजही दोन किंवा तीनच माणसे असतात.

हे दुखणे खान्देशापुरते नाही. २०१८-१९ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने शंभरपेक्षा कमी कामगार असलेल्या आणि दहा वर्षे उलटूनही न वाढलेल्या कारखान्यांना सरळ ‘बुटके’ म्हटले. संघटित उत्पादन क्षेत्रातले निम्मे कारखाने या जातीचे आहेत, पण रोजगारातला त्यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपासच, असा तिचा हिशेब होता. त्याआधी, २०१४ मध्ये, चांग-ताई श्ये आणि पीटर क्लेनो या अर्थतज्ज्ञांनी भारत, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या कारखान्यांची वये व आकार ताडून पाहिले. अमेरिकेत चाळीस वर्षे टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून अधिक माणसे कामाला ठेवतो. भारतातला चाळीस वर्षांचा कारखाना जेमतेम थोडासा मोठा झालेला असतो. आपल्याकडचा छोटा कारखाना मरत नाही, हे खरे. तो वाढतही नाही.

का वाढत नाही, याचे पहिले उत्तर प्रत्येक व्यापाऱ्याच्या जिभेवर असते : भांडवल. सरकारनेही ते उत्तर मान्य केलेले दिसते. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तीत शिशु, किशोर, तरुण अशा पायऱ्या होत्या आणि २०२४ मध्ये वीस लाखांपर्यंतची ‘तरुण प्लस’ आली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागाला जास्त अनुदान मिळते. या सगळ्यांचा भर धंदा उभा करण्यावर आहे. चालू धंदा दुप्पट करायला दुसरे कर्ज देण्याची सोय रोजगार निर्मिती कार्यक्रमात आहे, पण तिची चर्चा गावात क्वचितच ऐकू येते. अर्ज भरून देणाऱ्या एजंटांनाही नवे प्रकरण सोपे जाते.

भांडवलाची तंगी खरी की सबब, हे एका सरकारी नियमाच्या उलटसुलट फेऱ्यातून तपासता आले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी १९९८ चा बदल पाहिला. त्या वर्षी अग्रक्रम कर्जाची पात्रता यंत्रसामग्रीच्या ६५ लाखांवरून तीन कोटींवर नेली गेली आणि २००० मध्ये पुन्हा एक कोटीवर आणली गेली. मधल्या काळात ज्यांना जास्त कर्ज मिळाले त्यांनी जुनी देणी फेडून स्वस्तात सुटका करून घेतली का, की माल वाढवला? त्यांनी माल वाढवला, विक्री वाढली, नफाही वाढला. म्हणजे ‘पैसा असता तर वाढलो असतो’ असे म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण खोटे बोलत नव्हते.

पण खान्देशात पैशाचा खरा अर्थ यंत्राचा पैसा नव्हे, फिरता पैसा. जिनिंगचे उदाहरण घेतले की ते लगेच कळते. कापसाने भरलेले वाहन आवारात शिरते, ओलावा आणि कवडी पाहिली जाते, काट्यावर वजन होते. शेतकऱ्याला पैसे रोख किंवा फार तर आठवड्याभरात हवे असतात; उशीर झाला तर पुढची गाडी शेजारच्या जिनिंगला जाते. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यातून निघालेली रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. शंभर किलो कापसातून रुई ३३ ते ३५ किलो निघते, बाकी मुख्यतः सरकी. रुईचा सौदा खंडीवर होतो आणि खंडी ३५६ किलोंची. म्हणजे एका खंडीमागे साधारण साडेदहा क्विंटल कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या दराने एका खंडीत कापसाचेच ८५ हजार रुपये अडकतात. १७० किलोंच्या शंभर गाठींची एक ट्रक म्हणजे जवळपास ४८ खंडी, म्हणजे खरेदीत गुंतलेले चाळीस लाखांच्या वर रुपये. सरकी तेल गिरणीला विकून त्यातले काही लवकर मोकळे होतात. रुईचे पैसे सूतगिरणी मात्र तिच्या सवडीने देते, महिन्याने किंवा दोन महिन्यांनी.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चार-पाच महिन्यांचा. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा तारण जमिनीवर आणि मागच्या वर्षीच्या ताळेबंदावर ठरते. जिनिंगवाल्याकडे आणखी दहा रेचे बसवायची ऐपत असली, तरी त्या रेच्यांना रोज खायला घालायला लागणारा कापूस तो रोखीने आणू शकत नाही. म्हणून रेचे तेवढेच राहतात. दाल मिल, मिरची पावडर, तेल गिरणी, सगळ्यांची गत कमीअधिक हीच : शेतकऱ्याला रोख, गिऱ्हाइकाला उधार. ‘आज नगद, कल उधार’ ही पाटी किराणा दुकानात शोभते, मोठ्या गिरणीच्या खरेदी खात्यापुढे ती कोण लावणार?

या रोगावर कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते कोणी पाळत नाही म्हणून प्राप्तिकर कायद्यात ४३ब(ह) हे कलम आले : सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. त्याआधीच्या दोन महिन्यांत सुरतेच्या कापड बाजारात केवढी खळबळ उडाली! खरेदीदारांनी माल परत पाठवला, मोठ्या पुरवठादाराकडे वळण्याची भाषा केली. वेळेवर पैसे मागण्याचा हक्क मिळाला की गिऱ्हाईकच गमावण्याची भीती वाटते, इतकी उधारीची मुळे खोल आहेत.

आता शिंदखेडा तालुक्यातलेच दोंडाईचा. इथली युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड ही कंपनी १९७३ ची, रावल घराण्याची. मक्याच्या दाण्यापासून स्टार्च काढणे हे तिचे काम, आणि ते काम वाढीचा एक धडा आहे. मका कोमट, गंधकवायू मिसळलेल्या पाण्यात दोन-एक दिवस भिजत घालतात. दाणा मऊ झाला की भरडून त्याचा अंकुर वेगळा काढतात, त्यातून तेल. मग टरफल, मग प्रथिनांचे ग्लुटेन, आणि शेवटी दुधासारखा पांढरा द्राव, तो सुकवला की स्टार्च. टरफल व ग्लुटेन पशुखाद्य आणि कोंबडीखाद्याला जाते. स्टार्च कापडाच्या खळीला, कागदाला, औषधाच्या गोळ्यांना. त्याच द्रावावर आणखी प्रक्रिया केली की द्रवरूप ग्लुकोज, ते मिठाई-गोळ्यांच्या कारखान्याला. दाण्याचा कुठलाही भाग वाया जात नाही आणि कोणताही एक बाजार पडला तरी दुसरा उभा असतो. मुख्य म्हणजे यातले जवळजवळ कुठलेच गिऱ्हाईक शिंदखेडा तालुक्यात राहत नाही. तालुक्यातून येतो तो मका, विक्री दूरवर.

इथे या आढाव्यातला सगळ्यात मोठा भेद दिसतो. आठवडे बाजाराच्या गिऱ्हाइकावर चालणारा धंदा त्या बाजाराएवढाच मोठा होतो. पाऊस पडला तर थोडा फुगतो, नाही पडला तर आकसतो. दूरच्या गिऱ्हाइकाला माल पोचवणाऱ्याला ती मर्यादा नसते. अमळनेरची गोष्ट हेच सांगते. १९०६ मध्ये तिथे प्रताप मिल उभी राहिली होती. गावाला गिरणी, भोंगा आणि कामगार माहीत होते. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ स्थापली, तीच पुढची विप्रो. खान्देशातले तेल, त्याचे वनस्पती तूप, आणि उरलेल्यातून ‘७८७’ नावाचा साबण. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर एकवीस वर्षांचा अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतला. पुढे आयबीएम भारतातून गेली आणि कंपनीने संगणकात उडी घेतली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी जुन्या काळात घेतलेले शेअर जपून ठेवले होते, त्यांची पिढी न् पिढी सुखात गेली. कंपनीचे मुख्यालय मात्र बंगळूरला. वाढ आली ती शेअरच्या कागदाने, कारखान्याच्या फाटकाने तेवढी नाही. अमळनेरकर त्याचा अभिमानच बाळगतात, हेही नमूद करायला हवे.

एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९५९ मध्ये कंपनीच्या वाढीवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते. कोणत्याही धंद्यात काहीतरी शिल्लक पडलेले असते : यंत्राचा रिकामा वेळ, माणसांना आलेली जाण, गिऱ्हाइकाशी जुळलेली ओळख. त्या शिल्लकीचा उपयोग करताना धंदा पुढच्या धंद्यात शिरतो. आणि त्याचा वेग ठरतो तो आतल्या, कामात मुरलेल्या व्यवस्थापकांच्या संख्येने, पैशाने कमी. पेनरोज बाईंनी जळगाव पाहिले नव्हते, पण भवरलाल जैनांचा प्रवास त्यांच्या पुस्तकाला पुरावा म्हणून जोडता आला असता.

जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे जैन राज्य सेवेची परीक्षा देऊन अधिकारी होऊ शकले असते. त्यांनी १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला घेतले. मग डिझेल, खते, बियाणे, ट्रॅक्टर यांच्या एजन्स्या. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून विकणारे जाळे उभे राहिले, हीच त्यांची शिल्लक. १९७८ मध्ये बंद पडलेला केळी पावडरचा कारखाना त्यांनी तीस लाखांना घेतला आणि केळीच्या जागी पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. ते परदेशी जाई. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप. ज्याला खत विकले होते त्यालाच पाइप. दशकाच्या उत्तरार्धात ठिबक : पाइप घेणाऱ्यालाच. मग ठिबकवर चांगले येईल असे टिश्यू कल्चरचे केळीरोप : ठिबकवाल्यालाच. रावेर, यावल, जामनेर पट्ट्यात ग्रँड नैन केळी पसरली ती या साखळीतून. प्रत्येक पायरीला जुने गिऱ्हाईक नव्या मालाकडे नेले गेले.

हाच माणूस १९९० च्या दशकात शेतीबाहेरच्या धंद्यांत शिरला तेव्हा कंपनी खड्ड्यात गेली. तिथे ना गिऱ्हाईक ओळखीचे होते ना मुरलेली माणसे. ती परत शेतीकडे वळली, सावरली, इस्रायल-अमेरिकेतल्या ठिबक कंपन्या तिने विकत घेतल्या. नंतरचा अडथळा जिनिंगवाल्याला ओळखीचा वाटेल : ठिबकच्या अनुदानाचे पैसे राज्य सरकारांकडे महिनोन्महिने अडकत. कर्ज वाढत गेले. भवरलालजी २०१६ मध्ये गेले. २०१९ मध्ये कंपनी हप्ते चुकली. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्युलिस या कंपनीत विलीन करून कर्ज खाली आणले गेले. सात हजारांचा धंदा असो की हजारो कोटींचा, येणे अडकले की वाढ हीच गळ्याची धोंड होते.

भांडवल, बाजार, शिल्लक. आणि तरी काही धंदे याच सगळ्या गोष्टी असून तेवढेच राहतात. त्याचे कारण या लेखाच्या मते गल्ल्यावर बसलेले असते.

निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना महागड्या सल्लागारांची मदत फुकट दिली. काम अगदी साधे : सुताचा साठा मोजून लिहा, सदोष कापडाची रोज नोंद करा, यंत्र बिघडण्याआधी तेल-पाणी पाहा, जमीन झाडा. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत त्या मालकांनी नवे कारखाने काढले. पण खरी मजेची माहिती पुढे आहे. या मालकांनी आधीच का वाढवले नाही? कारण व्यवस्थापक म्हणून घरचाच माणूस हवा होता. बाहेरचा चोरी करील ही धास्ती, आणि केली तर कोर्टात वर्षे जातील ही खात्री. कंपनीचा आकार कशावर ठरत होता? कुटुंबातल्या पुरुषांच्या संख्येवर. मुली-सुना त्या मोजणीत नव्हत्याच.

खान्देशात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दोन भाऊ असले तर दोन दुकाने, तीन असले तर तीन, आणि वाटणी झाली की पाटीवर ‘जुने व प्रसिद्ध’ असे लिहिलेली दोन दुकाने समोरासमोर. मुनीम प्रामाणिक असतो, पण चेकबुक त्याच्याकडे नसते. शेठ लग्नाला गेले की खरेदी थांबते. जळगावच्या सराफ बाजारात १८५४ पासूनची राजमल लखीचंद पेढी आहे आणि १९७४ मध्ये स्वतःचे दुकान थाटणारे रतनलाल बाफना पूर्वी तिथेच नोकरीला होते. पेढीत शिकून बाहेर पडलेला माणूस एक नवी पेढी घडवतो, हा या बाजाराचा इतिहास आहे. विश्वास ही इथली खरी पुंजी, आणि तिचा पसारा रक्ताच्या नात्याबाहेर नेणारे मोजकेच.

सरकारचा हातही कमी नव्हता. १९६७ पासून शेकडो वस्तू फक्त लघुउद्योगांनी बनवायच्या अशी राखीव यादी होती. शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये सुटल्या. मोठे झालात तर वस्तूच हातची जाणार, मग मोठे कशाला व्हा? कापसाचे तर विचारूच नये. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे राज्यात एकाधिकार खरेदी होती. शिरपूरच्या पुढे हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातले सेंधवा. खान्देशातला कापूस रात्रीतून तिकडे जाई आणि तिथल्या जिनिंग भरभराटीला आल्या. बंधन सैल झाल्यावर इकडेही जिनिंग झपाट्याने उभ्या राहिल्या. उद्योजक तेच, कापूस तोच; फक्त आडवा बांबू उचलला गेला. धोरण धंदा वाढवू शकते का, याबद्दल मतभेद असतील. ते धंदा दुसऱ्या राज्यात नेऊ शकते, हे सेंधव्याने दाखवले.

शिंदखेड्याची आणखी एक अडचण पाण्याची. तापी उत्तरेच्या शिवेवरून वाहते, पण तालुक्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण. पलीकडच्या शिरपूरमध्ये भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून नाले रुंद-खोल करून बंधारे बांधले. शिरपूरला सूतगिरणी, कापड उद्योग, महाविद्यालये हेही जोडीला आले. तापीच्या अलीकडच्या, शिंदखेड्याच्या बाजूच्या गावातला तरुण मात्र दोंडाईच्याहून गाडी पकडून सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये उतरतो. तिथे लूमवर सुरुवात करून पुढे स्वतःचे चार लूम टाकलेले खान्देशी पुष्कळ आहेत. उद्यमाची हौस इथून निघते, गुमास्ता परवाना सुरतेचा निघतो.

नरडाण्यात आता हालचाल दिसते. सुरत-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण झाले आहे, बोरविहीर-नरडाणा रेल्वेचे काम धुळ्याकडून चालू आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला १८,०३६ कोटींची मंजुरी दिली. रेल्वेची ही कामे पुरी होऊन महामार्गाला जोड मिळाली तर बाहेरचे मोठे कारखाने येतील. सिमेंटचा आलाच आहे. त्यांना पोती, पॅलेट, सुटे भाग, दुरुस्ती, जेवणाचे डबे लागतील. ही कामे शिंदखेडा-दोंडाईच्याच्या वर्कशॉपवाल्यांना मिळतील की इंदूर-नाशिकहून ठेकेदार येतील, हे दोन गोष्टींवर अवलंबून राहील : कारखान्याकडून बिलाचे पैसे साठ दिवसांनी आले तरी मधले दिवस निभावून नेईल अशी बँक गावात आहे का, आणि दुसरी शिफ्ट सांभाळायला वर्कशॉपवाला आपल्या पुतण्याखेरीज कोणाच्या हाती किल्ली देतो का.